दोरीवरचं घराणं

रविवारी बॉयलर थंड असतो, म्हणून आत्यानं घराण्याचा निवाडा रविवारी ठेवला.

धाकटी चहाचे कप घेऊन वरच्या मजल्यावर वाळवणीच्या खोलीत आली तेव्हा सकाळचे जेमतेम साडेसात झाले होते, आणि पणजोबा दोरीवर वाळत होते. म्हणजे पणजोबांचा लांब एप्रन. लाँड्रीचं पहिलं पाणी ज्यानं अंगावर झेललं, तो. त्याला लागून पणजीची शाल, मग आजोबांचा कोट, त्यांच्या थोरल्या भावाची हॅट, आणि अविवाहित राहिलेल्या आत्तेआजीचे हातमोजे, एकेका चिमट्यात एकेक, हात वर करून शरण आल्यासारखे. शेजारची दोरी अजून रिकामी होती.

"ती आजीच्या माहेरची," आत्या म्हणाली. कमरेत वाकली होती, पण खांद्यावरचा चिमट्यांचा झोळा तिनं कुणाला घेऊ दिला नव्हता. "कंपाउंडर त्यांच्याकडचे कपडे घेऊन येतोय. हॉस्पिटलातली बाई अकराला येईल. ज्या दोरीचा दोष, त्या दोरीनं पदरात घ्यायचा. आज सोक्षमोक्ष."

दोष म्हणजे काकांचा आजार. मधल्या काकांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, तिशी गाठायच्या आधीच स्किझोफ्रेनिया झाला आणि तेव्हापासून तो कुठून आला यावर घरानं तोंडाची वाफ दवडली होती. पण दवडलेली वाफ लाँड्रीत कोण मोजतो? आता मात्र महिन्यापूर्वी काकांच्या तपासणीच्या दिवशी एक तरुण संशोधक बाई बाबांना भेटली होती. तिच्या पेटीत काचेच्या कुप्या असत, म्हणून घरात तिचं नाव कुपीवाली पडलं. रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांचा या आजाराशी काही संबंध आहे का, हे शोधायला आम्ही आजारी माणसांचं आणि त्यांच्या नातेवाइकांचं रक्त घेतो, घरी येऊन समजावून सांगते, असं ती म्हणाली. बाबा घरी येईपर्यंत त्या वाक्याला चांगली इस्त्री बसली होती. रविवारी बाई येणार आणि कुणाच्या बाजूनं आलं ते सांगणार, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं.

धाकटीची काळजी वेगळीच होती. बुधवारी चष्मेवाल्याच्या घरची माणसं तिला बघायला येणार होती. बघायचं असं काही उरलं नव्हतं. चष्मेवाल्यानं तिला दीड वर्ष चांगलं, वेगवेगळ्या भिंगांतून बघितलं होतं. पण त्याची आई यायची होती. आणि बाबांनी टेकडीवरच्या आश्रयगृहाचा फॉर्म भरून ठेवला होता. बाईनं लेखी दिलं की हे रक्तातलं नाही, तर काका घरी राहतील. नाही दिलं, तर मंगळवारी टेकडीवर. लग्न होईपर्यंतच, असं बाबा म्हणत. माणूस हलवल्यानं रक्त हलतं का, असं धाकटीनं विचारलं होतं. त्यावर बाबा म्हणाले होते की पाहुण्यांना रक्त दिसत नाही, माणूस दिसतो. खाली काउंटरमागे काकांची बॅग भरून तयार होती. धाकटीनं ती पाहिली होती. काकांनी पाहिली होती की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

काका खिडकीपाशी आपल्या टेबलावर बसले होते. रविवार असो वा नसो, त्यांची जागा तीच. पुढ्यात तीन डबे: पांढऱ्या, लाल, पिवळ्या कापडी चिठ्यांचे. या घरात मुलांना आकडे यायच्या आधी चिठ्या येत. इस्त्रीच्या तालावर म्हणायची ओवी पणजीनं रचली होती, आणि आत्ता दोरी ताणता ताणता आत्या तीच गुणगुणत होती:

पहिली गं चिठी । पांढऱ्या दोऱ्याची
धुऊन द्यायाची । ज्याची त्याला ॥
दुसरी गं चिठी । तांबड्या दोऱ्याची
कात्रीच्या वाटेची । विरलेली ॥
तिसरी गं चिठी । पिवळ्या उन्हाची
उंबऱ्याआतची । आपुल्यांची ॥

पांढरी म्हणजे गिऱ्हाइकाचा कपडा, धुऊन परत. लाल म्हणजे जीव संपलेला, कापून पुसणी करायची. पिवळी म्हणजे घरचा कपडा, तो दाराबाहेर जात नाही. आणि या तिन्हींवर पणजोबांचा एकच कायदा: चिठीला उलट प्रश्न नाही. एकानं लावली की दुसऱ्यानं निमूट वागायचं. रोज बाराशे कपडे हातांखालून जातात. प्रत्येक हात विचार करायला लागला तर गाव उघडं फिरेल.

त्याच कायद्यानं दीड महिन्यापूर्वी घात केला होता. हात थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून काकांनी कुणाला न सांगता अर्ध्या गोळ्या बंद केल्या आणि तिसऱ्या आठवड्यात गावच्या बँडच्या बावीस कोटांना लाल चिठी लावली. कोट आतून विरलेत आणि सोडवा म्हणून विनवण्या करतायत, असं त्यांना ऐकू आलं होतं. बाबांनी चिठी पाहिली, कात्री घेतली आणि बावीसच्या बावीस कोट, सोनेरी गोंड्यांसकट, हातभर तुकड्यांत कापले. बँडनं पुढची दोन लग्नं बनियनवर वाजवली. गोळ्या परत सुरू झाल्या, डॉक्टरांनी मात्रा बदलली, थरथर कमी झाली, आवाज पांगले. पण गावातल्या निम्म्या खिडक्या अजून सोनेरी किनारीच्या फडक्यांनी पुसल्या जात होत्या आणि बाबांना ते दिसत होतं.

नऊ वाजता कंपाउंडर आला. हा आत्याचा मामेभाऊ; चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधून निवृत्त झालेला, आणि अजून प्रत्येक वाक्य दिवसातून तीनदा, जेवणानंतर घ्यायचं असल्यासारखं बोलणारा. त्यानं गाठोडं सोडलं. त्याच्या आजोबांचा ओव्हरकोट निघाला, आजीचा झगा, चुलत्याचे बूट, एका मावशीची पिसांची टोपी. आत्यानं ओव्हरकोटाची कॉलर दोन बोटांत धरली, नाकाशी नेली आणि तिचा चेहरा पडला.

"ही इस्त्री आपली नाही," ती म्हणाली.

कंपाउंडरनं कबूल केलं की कपडे पुलापलीकडच्या लाँड्रीत धुतले. निवाडा तुमच्या घरात, पुरावा तुमच्या घरात, निदान धुलाई तरी तटस्थ असावी, असं त्याचं म्हणणं. आत्यानं त्यानंतर अर्धा तास त्याच्याशी धाकटीमार्फत बोलणं केलं. दोघं समोरासमोर बसून.

मग एकेकाची झडती सुरू झाली. संशयितावर लाल चिठी टाचायची, असं ठरलं. कंपाउंडरनं पहिलाच बाण पणजोबांवर सोडला. एका कबुतराशी त्यांचं अकरा वर्षं वैर होतं, ते त्याला नावानं शिव्या देत, हे साऱ्या गावाला माहीत होतं. एप्रनवर लाल चिठी चढली. आत्यानं त्याच्या चुलत्याचे बूट काढले: आग लागली तर पळता यावं म्हणून हा गृहस्थ जन्मभर बूट घालून झोपला. बुटांना चिठी. आत्तेआजी नगराध्यक्षांना रोज पत्र लिही आणि उत्तरही स्वतःच लिहून स्वतःला टपालानं पाठवी. दोन्ही हातमोज्यांना चिठ्या. पिसांच्या टोपीवाली मावशी आरशाला आपलं वय सांगत नसे. हॅटवाले आजोबा जेवताना बटाट्याकडे पाठ करून बसत. साडेदहापर्यंत दोन्ही दोऱ्यांवर एकही कपडा बिनलाल राहिला नव्हता, आणि शहाणं म्हणावं असं या कुळात कुणी जन्मालाच आलं नव्हतं, हे दोन्ही बाजूंनी पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं.

आत्या बापाच्या बाजूनं आईच्या माहेराशी भांडत होती. तिच्या स्वतःच्या अंगात दोन्ही दोऱ्या होत्या, हे तिच्या ध्यानात आणून द्यायची कुणाची छाती नव्हती.

धाकटीची आई तेवढी मजेत होती. कोपऱ्यात बसून ती गिऱ्हाइकांची तुटकी बटणं रंगांनुसार निवडत होती. तीस वर्षांत या घरातलं हे पहिलं भांडण होतं ज्यात तिच्या माहेराचा काही हात नव्हता. मध्येच तिनं हळूच सुचवलं, "वन्सं, बटाट्याकडे पाठ करणं हे लक्षणात धरायचं का नाही, ते बाईंनाच विचारू." आणि पुन्हा बटणांत डोकं घातलं.

काका मान खाली घालून चिठ्या पुरवत होते. कुणी लाल मागितली की लाल देत होते. धाकटीच्या मनात आलं, आपल्याच चौकशीला आपणच चिठ्या मोजून देणारा माणूस जगात दुसरा नसेल.

ठीक अकराला कुपीवाली जिना चढून आली. दारातच थबकली. समोर दोन दोऱ्यांवर लाल चिठ्या टाचलेलं अख्खं घराणं वाऱ्यानं हलत होतं. बाबांनी ओळख करून दिली, डावीकडून उजवीकडे. बाईनं, कुणाला वाईट वाटू नये म्हणून, एप्रनला मान लववली.

तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बाबांनी थेट विचारलं की कुणाकडून आलं. बाई म्हणाली की आधी मी काय शोधते ते सांगते. मग तिनं जे सांगितलं ते या घराला इतकं चटकन कळलं की ती स्वतःच गोंधळली.

आपल्या शरीरात एक प्रथिन असतं, ती म्हणाली. जंतू दिसला की हे त्याच्यावर खूण करतं, आणि मग सफाई करणाऱ्या पेशी ती खूण बघून त्याला खातात.

"लाल चिठी," आत्या म्हणाली.

बाईला ते आवडलं. हो, लाल चिठीच समजा. पण हेच प्रथिन मेंदूतही सापडतं. वयात येताना मेंदू आपल्या पेशींमधल्या नको असलेल्या जोडण्या काढून टाकतो. सगळ्यांचाच मेंदू ते करतो, ते लागतंच. तिथेही हीच खूण कामी येते, असं दिसतंय. काही जणांत या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती जास्त असतात. त्यांच्यात चिठ्या जरा जास्त लागत असाव्यात आणि धडधाकट जोडण्याही जात असाव्यात, असा आमचा अंदाज आहे. पुरता उलगडा अजून झालेला नाही.

कुणाला प्रश्नच पडला नाही. मग कंपाउंडरनं, चष्मा पुसत, एक विचारलं. चिठी लागली हे ठीक. पण ती सफाईवाली पेशी, ती खाताना विचार करत नाही का, की ही जोडणी तर बरी दिसतेय?

"नाही करत," बाई म्हणाली. "खूण दिसली की खाते. त्यामुळे दोष नुसत्या खुणेचा म्हणता येत नाही. खाणाराही बघावा लागतो."

सगळ्यांच्या माना सावकाश बाबांकडे वळल्या. बावीस कोट, सोनेरी गोंड्यांसकट. बाबांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. रुमालाला सोनेरी किनार होती. त्यांनी तो घाईनं परत खिशात कोंबला.

मग बाईनं आकडे सांगितले आणि निवाड्याची हवाच गेली. सर्वसाधारण माणसांत हजारात सुमारे दहा जणांना हा आजार होतो. या जनुकाच्या जास्त प्रती असलेल्यांत फार तर बारा-तेरा. दुसरी शेकडो जनुकं आहेत, त्यांचाही थोडा थोडा वाटा. शिवाय वाढणं, जगणं, नशीब. आजारी माणसाच्या नात्यात धोका थोडा जास्त असतो हे खरं, पण एका जनुकावरून एकाही माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

"बारा-तेरा?" आत्या म्हणाली. तिच्या आवाजात फसवलं गेल्याचं दुःख होतं. तीस वर्षांचं भांडण, पहाटेपासून ताणलेल्या दोऱ्या, आणि वाट्याला आली हजारात दोन-तीन माणसं. तीही कोण ते माहीत नाही.

बाईनं समजूत घालायला म्हणून सांगितलं की हे जनुक वाईट नव्हेच. ते पहारेकरी आहे. ज्यांच्यात ते जास्त, त्यांना एक दुसरा आजार, ज्यात शरीर स्वतःवरच उलटतं, तो कमी होताना दिसतो.

हे तिनं बोलायला नको होतं. कंपाउंडर उठला आणि म्हणाला की नीट आठवता, आपल्या ओव्हरकोटवाल्या आजोबांना आयुष्यात कधी पडसं झालं नव्हतं. तेव्हा जनुक मुळात त्यांच्याकडचंच असणार. आत्या कडाडली की तुमच्या घरात बारा महिने शिंका, पहारेकरी आमचा. घटकेपूर्वी एकमेकांच्या गळ्यात मारलेल्या लाल चिठ्या आता दोघं ओढून घ्यायला लागले. ओव्हरकोटाची चिठी एप्रनला गेली, एप्रनची बुटाला. एक हातमोजा डावीकडे, एक उजवीकडे. पिसांच्या टोपीचं एक पीस बाईच्या पाण्यात पडलं. आईनं पेला बदलून आणला आणि जाता जाता धाकटीच्या कानात म्हणाली की तुझ्या आजोळी पडसं सगळ्यांना होतं, देवाची कृपा.

बाबांना या कशात रस नव्हता. त्यांनी खिशातून कोरा कागद आणि पेन काढून बाईपुढे ठेवलं. मुलीला धोका नाही एवढं लिहून द्या, बाकी आम्हाला काही नको.

"तसं लिहून देता येणार नाही," बाई म्हणाली. "कुणाच्याच मुलीबद्दल. माझ्या स्वतःच्यासुद्धा. आणि रक्त दिलंत तरी निकाल कुणाला कळवत नाही आम्ही. कुपीवर नंबर पडतो, ती हजारो कुप्यांत जाते. तुमच्यासाठी नाही, पुढच्यांसाठी असतं ते."

निकाल नाही म्हटल्यावर दोऱ्यांवरची ओढाताण थांबली. बाईनं संमतीचे कागद पुढे केले. कंपाउंडरचं रक्त नेमकं त्याच आठवड्यात पातळ झालं होतं. आत्यानं या वयात रक्ताची नासाडी नको म्हणून हात जोडले. बाबांनी कागद उलटासुद्धा केला नाही. ते उठले, धाकटीकडे न बघता म्हणाले की मग मंगळवारीच न्यावं लागेल, आणि बॅग आणायला खाली गेले.

धाकटीनं बाईंकडून पेन मागितलं. पण त्याआधी काका उठले होते. टेबलावरून येताना त्यांनी सुई आणली होती, ओवलेली. हात स्थिर होता.

त्यांनी कागद सावकाश, शेवटपर्यंत वाचला. एके ठिकाणी बाईंना अर्थ विचारला. सही केली. बाही वर केली. रक्त काढून होईतो ते कुपीकडे बघत राहिले, गिऱ्हाइकाचं पुडकं बघावं तसे. बाईनं कुपीला नंबराचा कागद चिकटवला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"हा पाण्यात सुटतो," ते म्हणाले. "कापडी हवी. धाकटे, कुठली?"

"पांढरी," धाकटी म्हणाली. "बाहेर चाललंय ना."

"परत येईल?"

बाई ओशाळली. परत येत नाही, असं तिनं सांगितलं. काकांनी विचार केला, तरी पांढरी चिठीच कुपीच्या मानेला बांधली, दोन गाठी मारून. ज्याचं आहे त्याला पोचेल, म्हणाले. आणि बाईनंही ती काढली नाही. मग दंडावरचा कापूस धरून ते तसेच धाकटीपुढे उभे राहिले. जिन्यावर बाबांची पावलं वाजत होती, बॅग कठड्याला आपटत होती.

"आणि मला?" काकांनी विचारलं.

म्हणजे बॅग त्यांनी पाहिली होती.

धाकटीनं पिवळा डबा उघडला, एक चिठी घेतली, काकांच्या हातातली सुई घेतली. त्यांना खाली बसवलं आणि सदऱ्याच्या कॉलरमागे, मानेला टोचू नये अशा बेतानं, चार टाके घातले. दोरा दातानं तोडला. काकांच्या केसांना साबणाचा वास येत होता, तोच, ती तीन वर्षांची असताना याच टेबलाखाली बसून पिवळ्या चिठ्यांशी खेळायची तेव्हाचा.

बाबा दारात उभे होते. त्यांनी हातातली बॅग पाहिली, कॉलर पाहिली.

"ती काढ," ते म्हणाले.

"चिठीला प्रश्न नाही," आत्या म्हणाली. तिच्या एका हातात आत्तेआजीचा हातमोजा होता, तो तिनं नकळत बाबांकडे रोखला होता. "बावीस कोट कापताना एकदा थांबून विचारलं नाहीस. आता विचारतोस?"

कंपाउंडरनं, त्या दिवशी पहिल्यांदाच, आत्याच्या बाजूनं मान डोलावली. आईनं बटणांची बरणी बंद केली, उठली, आणि नवऱ्याच्या हातातून बॅग काढून घेतली. बाबांची बोटं सहज सुटली. त्यांनाही ती जड झाली असावी.

बॅग उघडली तर आत सहा सदरे, तीन पायजमे, एक स्वेटर. बाबांनी स्वतः घड्या घातल्या होत्या, कोपऱ्याला कोपरा. आणि प्रत्येक कपड्याला, घरचाच तो, पिवळी चिठी होती. एकही उंबरा ओलांडू शकत नव्हता. आई हसायला लागली. आधी तोंडावर पदर होता, मग राहिला नाही. मग कंपाउंडर हसला, मग बाई. शेवटी बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर खाली बसले, सोनेरी किनारीचा रुमाल बाहेर काढला आणि त्यात बराच वेळ तोंड लपवून राहिले. खांदे हलत होते. हसत होते की काय, ते कळत नव्हतं.

"दादा," रुमालातूनच ते म्हणाले, "बुधवारी तो निळा सदरा घाल. त्याची कॉलर चांगली आहे."

काका दोऱ्यांपाशी गेले. एकेक लाल चिठी उसवून त्यांनी डब्यात परत टाकली. एप्रनची, बुटांची, ओव्हरकोटाची, दोन्ही हातमोज्यांची. मग बॅगेतला निळा सदरा झटकून पणजोबा आणि ओव्हरकोटवाले आजोबा यांच्यामध्ये, दोन्ही दोऱ्यांवर एकेक बाही टाकून, वाळत घातला.

परत येताना ते धाकटीपाशी थांबले. बुधवारी चष्मेवाला येईल त्याला कुठली चिठी लावायची, ते आत्ताच सांग, म्हणजे कापून ठेवतो, म्हणाले.

धाकटीनं जरा विचार केला.

"आधी पांढरी," ती म्हणाली. "परत येतो का बघू."